प्रिसिजन, जॅझ की आखूड स्केलचा बेस? हात, खांदा आणि नाद यांच्या कसोटीवर

बेस गिटार विकत घेताना बहुतेक जण आवाजापासून सुरुवात करतात. आवडत्या वादकाच्या हातात जे वाद्य दिसते ते मनात बसलेले असते, दुकानात ते ॲम्पला लावून दहा मिनिटे वाजवले जाते आणि व्यवहार पुरा होतो. मी या क्रमाच्या उलट जायला सुचवतो. आधी डावा हात पाहावा, मग खांदा आणि नाद सर्वांत शेवटी, कारण तारा बदलून, तार छेडण्याची जागा बदलून किंवा ॲम्पवरची बटणे फिरवून नाद बराच बदलता येतो, पण नेकची (म्हणजे तारा दाबायच्या लांब दांडीची) लांबी, तिची रुंदी आणि लाकडाचे वजन जसे घेतले तसेच आयुष्यभर सोबत राहते. माझा पहिला बेस मी केवळ त्याच्या भरदार खर्जावर भाळून घेतला होता. त्याचे वजन पावणेपाच किलो होते आणि ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम तीन-साडेतीन तास चालत. दोन वर्षांत डाव्या खांद्याने असा काही विरोध केला की ते वाद्य विकावे लागले. पुढची तुलना त्या अनुभवातून आलेली आहे.

तुलनेसाठी मी तीन घराणी समोर ठेवतो. पहिले फेंडरच्या प्रिसिजन बेसचे, जो १९५१ साली कॅलिफोर्नियात बाजारात आला आणि ज्याच्या फ्रेटमुळे, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांमुळे, स्वर नेमका लागतो म्हणून त्याला ते नाव मिळाले. दुसरे १९६० सालच्या जॅझ बेसचे. तिसरे आखूड स्केलच्या वाद्यांचे, ज्यात जर्मनीतील हॉफनर कंपनीचा १९५६ सालचा व्हायोलिनच्या आकाराचा ५००/१ आणि फेंडरचा १९६६ सालचा मस्टँग ही ठळक नावे आहेत. आज बाजारात मिळणारे शेकडो बेस, स्वस्त असोत वा महाग, मुख्यतः या तिघांपैकी कुणाचे तरी वंशज किंवा त्यांचा संकर आहेत. म्हणून या तिघांतला फरक समजला की इतर कोणत्याही वाद्याकडे पाहण्याची नजर तयार होते.

डाव्या हाताच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक स्केलचा आहे. इथे स्केल म्हणजे गाण्याची पट्टी नव्हे, तर नटपासून (डोक्याजवळची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (देहावरचा तारांचा टेकू) कंप पावणाऱ्या तारेची लांबी. प्रिसिजन आणि जॅझ या दोघांची स्केल ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर आहे, तर हॉफनर आणि मस्टँग यांची सुमारे ३० इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. चार इंच ऐकायला किरकोळ वाटतात, पण हातावर त्यांचा परिणाम काय होतो ते मोजून पाहावे. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर ३४ इंची स्केलवर सुमारे १३० मिलिमीटर भरते आणि ३० इंची स्केलवर सुमारे ११४ मिलिमीटर. एका फ्रेटवर एक बोट ही गिटारवादकांची सवय घेऊन जो बेसकडे येतो, त्याला लांब स्केलवर हा पसारा रात्रभर सांभाळावा लागतो आणि मनगट वाकडे करूनच तो सांभाळला जातो. यावर जुना उपाय आहे. उभ्या डबल बेसच्या वादकांप्रमाणे नटजवळच्या फ्रेटवर तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढ्यांनीच तीन फ्रेट घ्यावेत, अनामिकेने करंगळीला आधार द्यावा आणि गरजेप्रमाणे हात सरकवावा. मध्यम हाताच्या माणसाला या पद्धतीने ३४ इंची बेस पूर्णपणे आवाक्यात येतो. ही पद्धत मनापासून शिकण्याची तयारी नसेल तर मात्र आखूड स्केल अधिक सुखाची ठरते.

स्केल आखूड झाली की ताणही उतरतो. तीच तार, तोच स्वर ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ३० इंची स्केलवर तो ३४ इंचीच्या जवळजवळ ७८ टक्केच राहतो. तार मऊ लागते, दाबायला कमी जोर पुरतो आणि ज्यांना बोटांच्या सांध्यांचा त्रास आहे किंवा जे पंधरा-सोळा वर्षांचे विद्यार्थी आहेत त्यांना हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. याची किंमत चौथ्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर मोजावी लागते. तिचा स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. सैल ताणावर तो गोल आणि मऊ होतो, पण त्याची कड बोथट होते, आणि जोरात छेडणाऱ्या हाताखाली तार फ्रेटवर आपटून खरखरते. जाड तारांचा संच लावला तर हे बरेच सुधारते, पूर्णपणे मात्र सुधारत नाही.

नेकच्या रुंदीत प्रिसिजन आणि जॅझ एकमेकांपासून दुरावतात. जुन्या प्रिसिजनची नेक नटपाशी सुमारे ४४ मिलिमीटर रुंद होती. आजच्या बहुतेक प्रिसिजनवर ती ४१ ते ४२ असते, तर जॅझवर ३८. तीन-चार मिलिमीटरचा हा फरक कागदावर नगण्य वाटला तरी मुठीत धरल्यावर लपत नाही. जॅझची नेक डोक्याकडे निमुळती होत जाते आणि पहिल्या पाच फ्रेटवर चालणारे जलद काम तिच्यावर सहज होते. याचा अर्थ रुंद नेक वाईट असा मुळीच नाही. मोठ्या पंजाच्या कित्येक वादकांना बारीक नेकवर अंगठा आवळल्यासारखा वाटतो आणि तळव्याला भरभक्कम आधार देणाऱ्या प्रिसिजनवर ते अधिक वेळ न थकता वाजवतात. १९८७ साली आलेली आयबानेझची एसआर मालिका या बाबतीत जॅझच्याही पुढे जाते. तिची नेक ३८ मिलिमीटरच्या आसपास आणि शिवाय बरीच पातळ आहे, त्यामुळे लहान हात असूनही ज्यांना ३४ इंची स्केलच हवी आहे त्यांनी ती हाताळून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

आता खांदा. वजनाचा आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो छापील माहितीवरून घेऊ नये, कारण एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्ये लाकडाच्या फरकामुळे अर्धा किलो किंवा त्याहूनही जास्त तफावत सहज आढळते. प्रवासाची बॅग तोलण्याचा छोटा हुकाचा काटा खिशात ठेवून दुकानात जावे आणि प्रत्यक्ष तो नग तोलावा. प्रिसिजन आणि जॅझ साधारण साडेतीन ते साडेचार किलोंच्या दरम्यान भरतात, जॅझचा देह थोडा मोठा असल्याने त्याचा कल वरच्या टोकाकडे असतो, आणि पोकळ देहाचा हॉफनर अडीच किलोंच्या आतबाहेर राहतो. माझ्या मते, जो उभा राहून दोन तासांपेक्षा जास्त वाजवतो त्याने चार किलोंवरचे वाद्य घेण्यापूर्वी तसे करण्याला सबळ कारण आहे का, हे स्वतःला विचारावे.

तरीही केवळ आकड्यावर विसंबलो तर फसगत होते, कारण थकवा वजनापेक्षा तोलावर अधिक अवलंबून असतो. पट्टा अडकवण्याची पुढची खुंटी देहाच्या वरच्या शिंगाच्या टोकाला असते. ते शिंग बाराव्या फ्रेटच्या जवळपास पोहोचत असेल तर वाद्य खांद्यावर स्थिर राहते. शिंग आखूड असेल, देह हलका असेल आणि डोक्यावर तारा पिळण्याच्या चार जड खुंट्या असतील, तर हात सोडताच नेक जमिनीकडे झुकते. अशा वाद्यावर डावा हात सतत दोन कामे करतो: स्वर दाबतो आणि नेकही तोलून धरतो. गिब्सनच्या १९६० नंतरच्या ईबी बेसच्या पातळ, दोन शिंगांच्या आकारात ही खोड प्रसिद्ध आहे, आणि तो आकार उचलणाऱ्या स्वस्त वाद्यांत ती अधिकच जाणवते. तीन किलोंचे झुकणारे वाद्य चार किलोंच्या तोलदार वाद्यापेक्षा लवकर थकवते, हे मी स्वतः अनुभवले आहे. फेंडरच्या दोन्ही बेसांचे लांब शिंग या कसोटीवर चांगले उतरते. झुकाव थोडा असेल तर आतून खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा आणि हलक्या धातूच्या खुंट्या यांनी तो आवरतो. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी डोकेच काढून टाकलेला बेस आणला, तेव्हा तोलाचा हा प्रश्न मुळातूनच सुटला होता. आजचे बिनडोक्याचे बेस हलके, आखीव आणि लोकलच्या गर्दीत सांभाळायला सोपे असतात, मात्र त्यांच्या तारांची आणि सुट्या भागांची उपलब्धता आपल्या शहरात आहे का हे आधी पाहावे.

बसून वाजवणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. जॅझची तिरकी कंबर मांडीवर छान बसते. प्रिसिजनही १९५४ पासून छातीला आणि कोपराला टोचणाऱ्या कडा उतरवून बनवला जाऊ लागला, त्याआधीचा त्याचा देह सरळ फळीसारखा होता. व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर मात्र मांडीवर पट्ट्याविना सरकतो. डावखुऱ्या वादकांसाठी हॉफनरचा एक वेगळा गुण आहे. त्याचा देह दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने उलटा धरला तरी तो विद्रूप दिसत नाही. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये तो घेतला त्यामागे हेही एक कारण होते.

नादाकडे वळताना प्रिसिजनबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते: इतर वाद्यांच्या गर्दीत न शोधता ऐकू येणारा बेस हवा असेल तर त्याला आजही तोड नाही. १९५७ साली त्यावर दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप, म्हणजे तारेचा कंप विजेच्या संकेतात बदलणारा चुंबकी भाग, आला. हे दोन तुकडे उलट जोडलेले असल्याने विजेची गुणगुण परस्पर मारली जाते, आणि नेक व ब्रिज यांच्या मधल्या जागेमुळे स्वराचा मधला भाग भरीव येतो. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत जेम्स जेमर्सन १९६२ चा प्रिसिजन वाजवत असत. त्यावर जाड, गुळगुळीत पृष्ठभागाच्या, वर्षानुवर्षे न बदललेल्या तारा होत्या आणि उजव्या हाताची केवळ तर्जनी तार छेडत असे. एक पिकअप, दोन बटणे आणि एक बोट यांतून निघालेले ते काम ऐकले की अधिक बटणांची ओढ कमी होते.

जॅझवर दोन पिकअप आहेत आणि म्हणून निवडी अधिक आहेत. दोन्ही पूर्ण उघडले तर मधला भाग थोडा बसतो, वरखाली चकाकी येते आणि अंगठ्याने तार आपटण्याच्या शैलीला ते फार मानवते. केवळ ब्रिजकडचा उघडला तर स्वर नाकातून आल्यासारखा, पण अतिशय स्पष्ट होतो. अमेरिकी बेसवादक जॅको पास्टोरियस यांचा फ्रेट काढलेला जॅझ याच पिकअपवर गाताना ऐकू येतो. याची दुसरी बाजू अशी की एकच पिकअप उघडा असताना जॅझ गुणगुणतो. दोन्ही सारखे ठेवले तर ही गुणगुण जवळपास जाते. ज्यांचे कार्यक्रम गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा अर्थिंग नीट नसलेल्या, डिमरवर दिवे चालणाऱ्या सभागृहात होतात, त्यांनी हा दोष हलका समजू नये. म्युझिक मॅनचा १९७६ सालचा स्टिंगरे आणि त्याच्या वाटेने गेलेले ॲक्टिव्ह बेस खर्ज आणि टीप वाद्यावरच वाढवू देतात. सोय मोठी आहे, पण ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि केबल लावून ठेवली की ती उतरत राहते.

आखूड स्केलचा नाद या दोघांहून वेगळ्या स्वभावाचा आहे. त्यात मूळ स्वर पुढे आणि वरचे अनुनाद मागे असतात, आस, म्हणजे स्वर रेंगाळत राहणे, थोडी कमी असते, आणि गुळगुळीत तारा लावल्या तर तो उभ्या डबल बेसच्या जवळ जातो. भावगीत, गझल किंवा चर्चमधल्या गायनवृंदाच्या साथीला हा नाद मला लांब स्केलपेक्षा अधिक शोभतो. रॉकच्या भरगच्च वाद्यमेळात मात्र तो दबतो.

‘आपला स्वतःचा आवाज’ ज्याला म्हणतात तो याहून बराच जवळ, बोटांच्या टोकाशी असतो. एकाच तबल्यावर दोघे बसले तर डग्ग्याची घुमारी दोन प्रकारची येते, तसेच इथेही आहे. तार नेकच्या टोकाशी छेडली की गोल, ब्रिजपाशी छेडली की टणक. एकाच बेसवर गोल वेढ्याच्या आणि गुळगुळीत तारांचे दोन संच लावून पाहिले तर दोन वाद्ये घेतल्यासारखे वाटते, आणि नव्या बेसच्या तुलनेत तो खर्च फार थोडा आहे. म्हणूनच प्रिसिजनचा पिकअप आणि ब्रिजकडे जॅझचा एक पिकअप असा संकर, जॅझच्या बारीक नेकसह, मिळत असेल तर पहिल्या वाद्यासाठी माझी पसंती त्याला आहे. मनगटाची तक्रार असलेल्याला मात्र मी निःसंकोच आखूड स्केलकडे पाठवेन, आणि नाद कमी पडेल या भीतीने त्याने मागे हटू नये असे सांगेन.

कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबई-गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याचाही विचार करावा. दमट हवेत लाकडी नेक हलते, तारांची उंची बदलते आणि जून महिन्यात चांगला वाटलेला बेस ऑगस्टमध्ये जड वाटू लागतो. पहिल्या फ्रेटवर आणि देहाला नेक जोडली जाते तिथल्या फ्रेटवर तार एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट पाहावी. ती व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी असली तर ठीक. त्याहून बरीच जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली तिचा बाक ठरवणारी सळई, जुळवून घ्यावा आणि मगच त्या वाद्याबद्दल मत बनवावे. दुकानात टांगून ठेवलेली कितीतरी वाद्ये केवळ या जुळवणीअभावी हाताला परकी वाटतात.

दुकानात जाताना आपला स्वतःचा पट्टा न्यावा आणि तो बसून व उभे राहून वाद्य एकाच उंचीवर राहील इतका बांधावा. ॲम्प बंदच ठेवून पहिल्या पाच फ्रेटवर, आपण खरोखर वाजवतो तीच गाणी सलग वीस मिनिटे उभ्याने वाजवावीत, अधूनमधून डावा हात सोडून नेक कुठे जाते ते पाहावे. वीस मिनिटांनंतर मनगट, अंगठ्याचे मूळ आणि मान यांपैकी काय बोलू लागले आहे ते नीट ओळखावे, आणि त्यानंतरच दुकानदाराला केबल जोडायला सांगावे.