जुन्या गाडीचा एसी: दर उन्हाळ्यात गॅस मारायचा, की एकदाची कॉइल बदलायची?

मार्च उलटला की जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हा प्रश्न ठरलेला. ब्लोअर जोरात फिरतो, पण गारवा नाही. कोपऱ्यावरचा एसीवाला म्हणतो, "गॅस कमी झालाय, मारून देतो, अर्ध्या तासात घेऊन जा." जरा मोठ्या दुकानातला माणूस ब्लोअरच्या जाळीपाशी लीक डिटेक्टर धरतो, ते यंत्र टिवटिवायला लागतं आणि तो म्हणतो, "कूलिंग कॉइल गेलीय साहेब, डॅशबोर्ड खोलावा लागेल." (कूलिंग कॉइल म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसलेला, हवा गार करणारा भाग.) पहिल्याचे दीड-दोन हजार, दुसऱ्याचे आठ-दहा हजार, वर गाडी दोन दिवस अडकणार.

माझी हॅचबॅक २०१० ची. वापर पुण्यात, अधूनमधून कोकणात. दोन्ही रस्ते चालून झालेत, तेव्हा माझा अनुभव सांगतो. तुमच्या गाडीचं दुखणं वेगळं असू शकतं, हे धरूनच वाचा.

गॅस मारण्याला लोक उगाच नावं ठेवतात. रबरी पाइपांतून आणि गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून थोडा गॅस कालांतराने झिरपतोच. भरलेला गॅस तीन-चार उन्हाळे पुरत असेल, तर तो आजार नव्हे, वय आहे. निवांत गॅस भरा आणि विसरून जा. गळती जोडावरच्या एखाद्या रबरी ओ-रिंगमधून किंवा गॅस भरायच्या तोंडातल्या पिनमधून असेल, तरीही डॅशबोर्डला हात लावायचं कारण नाही. पिन बदलायला पाच मिनिटं लागतात, फक्त तेवढं बघणारा मेकॅनिक हवा.

खरी अडचण गॅस एका उन्हाळ्यातच संपतो तेव्हा सुरू होते. पंक्चर न काढता हवा भरत राहावी तसं हे आहे, असं सगळे म्हणतात. पण इथे हवेबरोबर वंगणही जातं. एसीचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं, गळतीच्या जागी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो तो त्याचाच. दरवर्षी नुसता गॅस भरला आणि ऑइल कोणी पाहिलंच नाही, तर कॉम्प्रेसर कोरडा पडत जातो. तो जाम झाला की धातूचा कीस सगळ्या लाइनमध्ये पसरतो. मग कंडेन्सर (गाडीच्या पुढच्या बाजूला गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारा भाग), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ड्रायर, सगळ्यांवर पाळी येते आणि कॉइलचा खर्च स्वस्त वाटू लागतो.

तरी खरं सांगायचं तर कॉइल बदलण्याचा माझा निर्णय ऑइलमुळे झाला नाही. मला छळलं ते सिग्नलने.

बॉनेटखालच्या स्टिकरवर या गाडीला किती ग्रॅम गॅस लागतो ते छापलेलं असतं. लहान गाड्यांना साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. टॉप-अप मारणाऱ्याला आत किती उरलाय हेच माहीत नसतं. तो दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघतो, जाळीसमोर हात धरतो आणि अंदाजाने नळी बंद करतो. काटा तर त्या दिवशीच्या उन्हाप्रमाणेही वरखाली होतो. सकाळी भरलेला गॅस दुपारी जास्त ठरू शकतो. मग व्हायचं असं, की गाडी पळतीवर असताना झकास गार, आणि हडपसरच्या गर्दीत थांबलो की बॉनेटखालून 'टक्' असा आवाज. कॉम्प्रेसरचा क्लच सुटला. इंजिनाचा सूर हलका होतो आणि थोड्याच वेळात जाळीतून दमट, ओल्या फडक्याच्या वासाचा वारा. कंडेन्सरवर हवा कमी, त्यात गॅस जास्त, म्हणून दाब चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. स्विच आपलं काम चोख करतो, घाम आपल्याला. पुढच्या वर्षी हीच तक्रार सांगितली की गॅस जरा कमी पडायचा, आणि मग पळतीवरही गारवा बेताचाच. या हेलकाव्याला मी कंटाळलो. (सिग्नलला गरम होण्याची इतर कारणंही असतात. आधी कंडेन्सरचा फॅन फिरतोय का बघा, आणि कंडेन्सरमध्ये अडकलेली माती, किडे पाण्याने हलक्या हाताने धुऊन काढा. कित्येकांचं काम तिथेच भागेल.)

कॉइल बदलण्याचं दुसरं टोकही गोड नाही. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत कॉइलचा डबा ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूने काढता येतो. पण बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड बाहेर येतो, आणि उन्हाने वाळलेल्या प्लास्टिकच्या क्लिपा काढतानाच तुटतात. माझ्या गाडीत स्पीडब्रेकरवर स्टीअरिंगच्या डावीकडून कुरकुर येऊ लागली, ती आजही येते. फेल्टची पट्टी लावून अर्धी कमी झाली. डॅशबोर्डला कधी हात लागला नसेल, तर हा तोटा खरा आहे आणि दुकानदार तो आपणहून सांगत नाही.

पण सिस्टिम खोलली की बाकीची कामंही नीट करून घेता येतात, आणि माझा कल तिकडे झुकतो तो इथे. आत शिरलेला ओलावा शोषणारा ड्रायर नवा टाकता येतो. ऑइल मोजून घालता येतं. नायट्रोजन भरून दाबाखाली गळती तपासता येते. याचा आग्रह धराच. नुसत्या व्हॅक्यूमने, म्हणजे पंपाने लाइनमधली हवा ओढून घेतल्याने, फार तर एका वातावरणाइतका फरक पडतो, चालू एसीतला दाब त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे व्हॅक्यूमला टिकलेली लाइन गॅस भरल्यावर गळू शकते. व्हॅक्यूम लागतो तो मुख्यतः ओलावा उकळवून बाहेर काढायला. पुणेकरांनी एक लक्षात ठेवावं: समुद्रसपाटीला व्हॅक्यूम करताना गेजचा काटा (पाऱ्याच्या) ३० इंचांच्या जवळ जातो, आपल्याकडे साडेपाचशे मीटर उंचीवर तो २८ च्या आसपास थांबतो. मेकॅनिक फसवत नाहीये. पंप बंद करून अर्धा तास काटा तिथेच राहिला पाहिजे, एवढं पाहा. आणि शेवटी गॅस वजनकाट्यावर मोजून, स्टिकरवरच्या आकड्याइतकाच. सिग्नलचा तो 'टक्' माझ्याकडे तेव्हापासून बंद झाला.

आणखी एक गोष्ट, पटली तर घ्या. बहुतेक जुन्या गाड्यांत असतो तो आर-१३४ए गॅस तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट पृथ्वीचं तापमान वाढवतो. साडेचारशे ग्रॅम हवेत गेला, तर हिशोब सहाशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या वर जातो. दर उन्हाळ्याला.

गाडी वर्षभरात विकायची असेल, किंवा पंधरा वर्षं भरत आली आहेत आणि आरसीचं नूतनीकरण करायचंच नसेल, तर मीही गॅस मारून मोकळा होईन. गाडी अजून चार-पाच वर्षं घरात राहणार असेल, तर कॉइल. फक्त ते काम एप्रिल-मेमध्ये काढू नका. तेव्हा दुकानासमोर गाड्यांची रांग असते आणि सगळ्यात आधी काट मारली जाते ती व्हॅक्यूमच्या वेळेला. डिसेंबर-जानेवारीत गाडी टाका, जुनी कॉइल परत मागा आणि तिच्यावर तेलाचा डाग आहे का ते बघा. डाग नसेल, तर पैसे देण्याआधी डिटेक्टर पुन्हा एकदा फिरवायला सांगा.