दूध तोडलेल्या पिलांच्या खुराकात इन्युलिन की एमओएस?

आईचे दूध तोडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे डुकराच्या पिलांना किती जड जातात, हे वराहपालन करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पूर्वी हा काळ खुराकात प्रतिजैविक मिसळून निभावला जाई. भारतात २०१९ साली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांना कोलिस्टिन हे प्रतिजैविक देण्यावर बंदी आली. युरोपीय संघाने वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविके २००६ पासूनच थांबवली होती, आणि २०२२ मध्ये तेथे पिलांच्या हगवणीवर दिल्या जाणाऱ्या झिंक ऑक्साइडच्या औषधी मात्रेलाही मनाई झाली. त्यामुळे आता विक्रेता आपल्यासमोर प्रीबायोटिकच्या, म्हणजे आतड्यातील चांगल्या जंतूंना पोसणाऱ्या पदार्थांच्या, दोन पिशव्या ठेवतो, एक इन्युलिनची आणि दुसरी यीस्टपासून केलेल्या मॅनन ऑलिगोसॅकराइडची, म्हणजे एमओएसची. दक्षिण कोकणातल्या माझ्या लहानशा फार्मवर मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत, आणि पुढील मत त्या अनुभवाच्या मर्यादेतले आहे.

कागदावर इन्युलिनचे पारडे जड आहे, हे आधीच मान्य करतो. कॉफीत मिसळली जाते त्याच चिकोरीच्या मुळांतून ते काढतात. त्यातील फ्रुक्टोजची साखळी डुकराच्या पाचकरसांना तोडता येत नाही. ती आतड्यातील जंतूंच्या वाट्याला येते. लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू त्यावर पोसले की लॅक्टिक आम्ल तयार होते, आतड्यातील आम्लता वाढते आणि ई. कोलायसारख्या जंतूंना तेथे जम बसवणे कठीण जाते. याच लॅक्टिक आम्लापासून दुसरे काही जंतू ब्युटिरेट बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच्याच बळावर जगतात. माणसांसाठीच्या माहितीपत्रकांत बायफिडोबॅक्टेरिया या उपयोगी जंतूंचे जे गोडवे गायलेले असतात, ते मात्र डुकराला तसेच्या तसे लागू करू नयेत, कारण डुकराच्या आतड्यात त्यांची संख्या तुलनेने फार कमी असते. शिवाय डुकराच्या जठरात आणि लहान आतड्यातही जंतूंची वस्ती दाट असल्याने बरेचसे इन्युलिन मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचण्याआधीच संपते. नुकत्याच दूध तुटलेल्या पिलाच्या बाबतीत हा दोष मानण्याचे कारण नाही, कारण त्या वयातील हगवणीचे मूळ बहुधा लहान आतड्यातच असते.

एमओएसचे काम निराळे आहे, इतके की काटेकोर व्याख्येने त्याला प्रीबायोटिक म्हणावे की नाही याबद्दलही मतभेद आहेत. ते चांगल्या जंतूंना खाऊ घालण्यापेक्षा वाईट जंतूंना चकवते. काही ई. कोलाय आणि साल्मोनेला जंतू आतड्याच्या अस्तरावरील मॅनोज शर्करेला चिकटतात. तीच शर्करा यीस्टच्या तुकड्यावर मिळाली की ते तिला धरून बसतात आणि शेणावाटे बाहेर पडतात. विक्रेत्याच्या चित्रात हे फार सुबक दिसते. परंतु दूध तोडल्यानंतरच्या हगवणीला प्रामुख्याने जबाबदार असलेले एफ-४ आणि एफ-१८ प्रकारचे ई. कोलाय ज्या तंतूंनी चिकटतात, ते मॅनोजवर अवलंबून नसतात, ही गोष्ट त्या चित्रात नसते. यीस्टच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकनही असते आणि ते रोगप्रतिकारक पेशींना चेतवते, एवढी जमेची बाजू सांगता येईल.

इतके असूनही माझा निर्णय जंतूंनी केला नाही, तो आषाढातल्या हवेने केला. इन्युलिनची भुकटी ओलावा ओढून घेते, आणि साखळी जितकी आखूड तितकी अधिक. पिशवी जूनमध्ये उघडावी, तोंड सुतळीने आवळून बांधावे, आणि पंधरा दिवसांनी आत हात घातला तर गुळाच्या ढेपेसारखा गठ्ठा हाती लागावा, असे दोन पावसाळे झाले. पत्र्याचा डबा, प्लास्टिकची दुहेरी पिशवी, फळीवर उंच ठेवणे, सगळे करून पाहिले. मोठ्या खाद्य कारखान्यातील मिक्सरला हे गठ्ठे कदाचित जुमानत नसतील. मी मात्र पन्नास किलो भरड्यात अडीचशे ग्रॅम इन्युलिन फावड्याने कालवत असे, आणि त्यात खडे राहिले की एका पिलाला काहीच मिळत नसे व शेजारचे पिलू सुपारीएवढा गोड खडा चघळून पोट फुगवून बसे. म्हणजे ज्या हगवणीसाठी ही सारी खटपट, तीच एखाद्या पिलाला औषधातून लागायची. कुटून चाळून घेणे हा उपाय आहे; पण पहाटे पाच वाजता, हात ओले असताना, तो उपाय रोज होत नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो.

एमओएसची भुकटी त्याच फळीवर, त्याच पावसात, शेवटच्या मुठीपर्यंत सुटी राहिली. पन्नास किलोला शंभर ग्रॅम पुरते, आणि तिच्या ताडीसारख्या आंबूस वासाने पिले गव्हाणीकडे लवकर वळतात असे मला तरी वाटते. वजनकाट्यावर दोन्हींत लक्षात येण्याजोगा फरक मला दिसला नाही. मात्र एमओएस सुरू केल्यानंतरच्या वेतांमध्ये मागचे पाय माखलेली पिले कमी दिसली. त्याच काळात मी खोपटातील फरशीही नवी केली होती, तेव्हा सगळे श्रेय पिशवीला देणे योग्य होणार नाही. प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही दोन्ही पदार्थांचे निष्कर्ष एकसारखे येत नाहीत, आणि जागा अस्वच्छ असेल तेथे फरक अधिक जाणवण्याची शक्यता असते.

मराठवाड्यासारख्या कोरड्या हवेत, किंवा ज्यांच्याकडे यांत्रिक मिक्सर आहे त्यांनी, लांब साखळीचे इन्युलिन अवश्य वापरून पाहावे. त्यांना माझी तक्रार कदाचित समजणारही नाही. घाटाखाली राहणाऱ्याने मात्र पावसाळ्यापुरते तरी एमओएस घ्यावे, असे मी सुचवेन. कोणतीही पिशवी घेतली तरी ती दूध तोडल्याच्या दिवशी उघडू नये. पिले आईजवळ असताना त्यांना जो भरडा चाटायला ठेवतो, त्यातच आठवडाभर आधी मिसळायला सुरुवात करावी, आणि ती भुकटी प्रथम किलोभर भरड्यात, मग पाच किलोत आणि शेवटी पूर्ण पोत्यात कालवावी.