उसनी आलेली चित्रं की कायमची दालनं? ठाणे-वाशीकरांनी रविवार कशासाठी राखावा

आपल्याकडून चित्रं पाहायला जायचं म्हणजे ठाण्याहून फास्ट लोकल किंवा वाशीहून हार्बर पकडून सीएसएमटी, आणि तिथून काळा घोडा. दिवस मोडतोच. मग तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कायमच्या दालनांना द्यावा, की दुसऱ्या संग्रहालयांतून चित्रं उसनी येतील तेव्हासाठी राखावा?

आधी कधीच गेला नसाल तर थांबू नका. मुघल, राजस्थानी, पहाडी, दख्खनी लघुचित्रं एकाच छताखाली आहेत आणि घाई करायला कुणी लावत नाही. एकदा जाऊन आला असाल, तर मात्र माझा कौल उसन्या चित्रांना.

२०१७-१८ मध्ये तिथे भरलेल्या ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ प्रदर्शनात लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडून डच चित्रकार रेम्ब्राँने काढलेला जहांगीर आला होता. रेम्ब्राँ हिंदुस्थानात कधी आलाच नाही. १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्याने ॲमस्टरडॅममध्ये बसून मुघल चित्रांवरून अशी रेखाटनं केली. मुघल चित्रकाराची रेघ केसासारखी बारीक आणि सलग, पगडीची घडी न् घडी मोजून घ्यावी अशी. रेम्ब्राँची तपकिरी शाई झरझर पळते, मध्येच तुटते, सावलीला नुसता पातळ रंगाचा हात. त्यानंतर संग्रहालयाच्या स्वतःच्या मुघल चित्रांपुढे उभं राहिलं की ती निव्वळ दरबाराची राहत नाहीत. सुरतेला डचांची वखार होती, जहाजं जात-येत होती, आणि आपल्या चित्रकारांचं काम तिकडचा एवढा मोठा माणूस समोर ठेवून गिरवत होता! हे त्या दालनात आधीही खरंच होतं, पण दिसायला पाहुणं चित्र यावं लागलं.

घरबसल्या स्क्रीनवर पाहण्याचाही पर्याय आहे. उदयपूरला १६४९ ते १६५३ दरम्यान तयार झालेल्या मेवाड रामायण या सचित्र हस्तलिखिताची लंडन आणि मुंबईत विखुरलेली पानं २०१४ मध्ये ऑनलाइन एकत्र आली. कथेचा क्रम लावायला, बारकावे मोठे करून बघायला उत्तम. सोन्याची झळाळी मात्र मोबाइलवर कळत नाही.

प्रदर्शनाला जाल तेव्हा तारखा आधी बघा. कागदावरची चित्रं उजेडाने फिकी पडतात, त्यामुळे ती फार काळ बाहेर ठेवत नाहीत. आधी पाहुणी चित्रं बघा, लगेच त्याच काळाचं कायमचं दालन. बाकीची दालनं त्या दिवशी सोडून दिलीत तरी चालेल.