बिस्किट की रंगीत? जुनं फ्रेंच पोर्सिलेन घड्याळ घेताना

पौराणिक मूर्तींचं जुनं फ्रेंच टेबल-घड्याळ घ्यायचं ठरलं, की निवड बहुधा दोन प्रकारांत येते. पहिला सोळाव्या लुईच्या काळातला, म्हणजे साधारण 1774 ते 1792 चा. त्यात पांढऱ्या, झिलई नसलेल्या 'बिस्किट' पोर्सिलेनच्या मूर्ती असतात. दुसरा तिसऱ्या नेपोलियनच्या काळातला, 1850 ते 1870 च्या आसपासचा. निळ्या-गुलाबी झिलईवर व्हीनस-क्युपिड या रोमन प्रेमदेवतांची चित्रं आणि भोवती सोनेरी मुलाम्याची चौकट.

माझा कल उघडपणे बिस्किटकडे आहे. झिलईचा थर नसल्यामुळे शिल्पकाराची रेघ बुजत नाही. क्युपिडच्या पंखाचं एकेक पीस, त्याची प्रेयसी सायकी हिच्या वस्त्राची चुणी दिव्याच्या तिरप्या उजेडात पाहा, संगमरवरच वाटतो. सेव्र या फ्रान्समधल्या शाही पोर्सिलेन कारखान्यात आधी फाल्कोने आणि पुढे बुआझो यांनी मूर्तिकामाची धुरा सांभाळली, ती याच मातीत.

पण ही माती फार हळवी. धूळ आणि हाताचं तेल तिच्या पृष्ठभागात मुरतं. बोटं, धनुष्याची टोकं हमखास तुटलेली असतात, आणि डागडुजी लपवायला वर रंग दिलेला असतो. अतिनील टॉर्च मारली की असा रंग बहुधा वेगळा चमकतो. तुटलेलं बोट तसंच ठेवलेली मूर्ती मी रंगवून 'अखंड' केलेल्या मूर्तीपेक्षा केव्हाही आधी घेईन.

रंगीत घड्याळ सांभाळायला सोपं, नुसतं पुसलं तरी भागतं. मात्र त्यावर एकमेकांत गुंफलेले दोन 'एल' दिसले म्हणून ते सेव्रचं समजू नका. ही खूण राजेशाहीच्या काळातली. एकोणिसाव्या शतकात इतर कारखान्यांनी तिची सर्रास नक्कल केली.

यंत्र मागून उघडून बघाच. अठराव्या शतकातल्या यंत्रात लंबक रेशमी दोऱ्यावर टांगलेला असतो. पुढच्या यंत्रांत त्या दोऱ्याच्या जागी पोलादी पट्टी येते, आणि तबकडीवर बाराच्या वर एक बारीक भोक असतं. तिथे छोटी किल्ली फिरवून वेग कमी-जास्त करता येतो. रोज वेळ पाहायला घड्याळ हवं असेल तर हेच बरं. बिस्किटच्या मूर्तीत पोलादी पट्टी दिसली, तर यंत्र बदललंय का, की मूर्तीच नंतरची आहे, हे आधी विचारा आणि मगच किमतीचं बोला.

कुठलंही घेतलंत तरी घरी नेण्याआधी लंबक काढून वेगळा गुंडाळा. पोलादी पट्टीच्या यंत्रात तो तसाच हेलकावत राहिला तर ती पट्टी वाटेतच मोडू शकते.