वादळात फुटलेली फायबरची होडी आणि माझे गेलेले १,०९,००० रुपये

गेल्या आठवड्यात पलीकडच्या खाडीतल्या एका मच्छीमाराचा फोन आला. त्याचा पहिलाच प्रश्न, "दादा, तुमच्या होडीचं काम चांगलं झालंय ना?" कुणा कारागिराने त्याला मोबाइलवर केलेल्या कामांचे फोटो दाखवले होते आणि त्यातली एक होडी माझी होती. हा माणूस हुशार. फोटोत नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचा, नोंदणी क्रमांक दिसत होता, त्यावरून विचारत विचारत त्याने मला गाठलं. तुम्हालाही कुणी असे फोटो दाखवले तर रंगाची चकाकी बघू नका, नंबर वाचा आणि मालकाला शोधून काढा. कारागिराने स्वतः दिलेल्या "जुन्या गिऱ्हाइकाच्या" फोन नंबरला काडीची किंमत देऊ नका. ह्याच कारागिराने मला फसवलं तेव्हा असाच एक नंबर दिला होता, तिकडच्या माणसाने तोंडभरून कौतुक केलं. तो त्याचाच माणूस निघाला.

एवढा काळ लाजेने गप्प होतो. पण माझीच होडी दाखवून तो पुढची माणसं गळाला लावतोय म्हटल्यावर आता लिहिणं भाग आहे.

२०२१ च्या १६ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या समोरून वर सौराष्ट्राकडे गेलं. जाताना सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं काय करून गेलं ते इथल्या माणसांना सांगायला नको. माझी २८ फुटी फायबर होडी नांगराचा दोर तुटून धक्क्याच्या दगडांवर आपटली. डाव्या अंगाला, नाळेपासून थोडं मागे, पाण्याच्या रेषेखाली दोन फुटांची फट आणि मधोमध हात आरपार जाईल असं भोक. पंचनामा झाला, "अंशतः नुकसान" म्हणून १०,००० रुपये हातात पडले. त्यात फायबरचं काय होतं ते ज्याने केलंय त्याला माहीत.

आता जे म्हणतात, "एवढी वर्षं दर्यात काढलीस आणि एका भुरट्याला भुललास?", त्यांनी तेव्हाची परिस्थिती आठवावी. टाळेबंदी चालू होती. ओळखीचा कारागीर गावी अडकलेला. यार्डवाले सांगत होते, दिवाळीपर्यंत नंबर नाही. वीज नाही, दुकानात माल नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे काम व्हायचं ते ह्याच दिवसांत. १ ऑगस्टला होडी पाण्यात गेली नाही तर कर्जाचा हप्ता कुठून भरायचा? माझ्या जागी दुसरा कुणीही असता तर त्याने हेच केलं असतं.

आणि हे लोक नेमके तेव्हाच येतात. वादळ गेलं की बंदराबंदरात फिरतात, फुटलेल्या होड्या हेरतात, मालकाचा चेहरा वाचतात. हा आला तो मोटारसायकलवर, मागे ग्राइंडर बांधलेला. मोठ्या यार्डात पंधरा वर्षं काम केलंय म्हणाला. फायबरच्या कामाची भाषा सगळी बरोबर बोलत होता, रेझिन म्हणजे चिकट द्रव, तो घट्ट करणारे हार्डनर आणि कोबाल्ट, त्यात भिजवायचं काचतंतूंचं कापड म्हणजे ३०० चं मॅट, ४५० चं मॅट, रोविंग. भोकाच्या कडेला नाण्याने टकटक करून आवाज ऐकला. एवढं बघितल्यावर माणूस शंका घेईल कशी?

काम ठरलं १,१८,००० ला. आगाऊ ४०,००० फोनवरून पाठवले. खातं दुसऱ्याच नावाचं होतं, "भावाचं आहे" म्हणाला. मालासाठी ३२,५०० रोख, वहीच्या फाडलेल्या पानावर हिशेब लिहून. मग "पावसात एक लेयर जास्त मारावा लागेल" म्हणून ६,५००. जेलकोट, म्हणजे सगळ्यात वरचा रंगाचा थर, मारून झाल्यावर ३०,०००. एकूण १,०९,०००. उरलेले ९,००० होडी पाण्यात उतरल्यावर द्यायचे होते. ते न्यायला तो आलाच नाही, आणि ह्यातच सगळं आलं.

आता जी गोष्ट मला रात्री झोपू देत नाही ती सांगतो. फायबरला ग्राइंडर मारला की पांढरी धूळ उडते आणि ती अंगाला लागली की दोन दिवस माणूस खाजवत राहतो. मानेवर, कोपरात, मनगटावर. आंघोळ करून जात नाही. फायबरच्या कामाजवळ नुसता उभा राहिलेलाही खाजवतो. हा माणूस संध्याकाळी माझ्या पडवीत चहा प्यायला बसला होता. काळं टी-शर्ट, त्यावर धुळीचा कण नाही. हात स्वच्छ. एकदाही मान खाजवली नाही. मी त्याच्या समोर बसून हे बघत होतो! शेडमध्ये होडीखाली जमीन तशीच काळी ओली, पांढरा सडा कुठे नाही. मी विचारलं, "ग्राइंडिंग झालं?" म्हणाला, "सकाळीच उरकलं मालक, पावसाने धुऊन गेलं." शेडला वर पत्रा होता. पाऊस आत येणार कुठून? पण बाहेर धो धो कोसळत होता, माझ्या डोक्यात कर्जाचा हप्ता होता, आणि समोरचा माणूस इतक्या सहज बोलला की पुढचा प्रश्न तोंडात आला नाही.

ग्राइंडिंग म्हणजे सगळ्या कामाचा पाया. भोकाच्या कडा नुसत्या घासायच्या नसतात, लांब उतार काढायचा असतो. फायबरची जाडी असेल त्याच्या बारापट. माझ्या होडीचं अंग तिथे ८ मिलिमीटर, म्हणजे भोकाच्या चहूबाजूंनी जवळजवळ १० सेंटिमीटर उतार. त्या उतारावर नवे थर एकापेक्षा एक मोठे बसत जातात, तेव्हा कुठे नवं जुन्याला धरतं. ४५० च्या मॅटचा एक थर रेझिन पिऊन साधारण एक मिलिमीटर होतो. तुम्हीच हिशेब करा, ८ मिलिमीटरला किती थर लागतील. उतार नसेल तर नवा तुकडा जुन्यावर फक्त चिकटवलेला असतो.

त्याआधी सुकवणं. खाऱ्या पाण्यात भिजलेलं फायबर आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग झाकून, गरज पडल्यास हॅलोजनचा दिवा लावून खडखडीत सुकवायचं. ओल्यावर रेझिन धरत नाही. बाबांनी जेलकोट झाल्यावर बोटांनी ठोकून बघितलं होतं. म्हणाले, "आवाज बद्द येता. त्येना सुकूक दिल्यान नाय." मी त्यांनाच गप्प केलं, कारण कारागीर समोर उभा होता आणि मला त्याच्यादेखत वाद नको होता.

पुट्टीचा डबाही दिसला होता. गाड्यांचे डेंट भरतात ती. "फिनिशिंगला लागते" म्हणाला. वरच्या बारीक खड्ड्यांना कुणी थोडी लावतही असेल, म्हणून मी सोडून दिलं. पाण्याच्या रेषेखाली ती पुट्टी दिसली तर काम तिथल्या तिथे थांबवा. तिच्यात टाल्कची भुकटी असते, ती पाणी पिते.

ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात, जाळी मारून परत येताना तळात पाणी दिसलं. पंप लावला तरी वाढत होतं. माझ्याबरोबर दोन खलाशी होते, त्यातला एक माझ्या बहिणीचा मुलगा. किनारा जवळ होता म्हणून हे लिहितोय. बर्फ, मासळी, दोन जाळी, सगळं दर्यात सोडून होडी हलकी केली आणि कशीबशी वाळूवर चढवली.

दुसऱ्या कारागिराने छिन्नी लावली तर अख्खा तुकडा डब्याच्या झाकणासारखा निघून हातात आला. वर जेलकोट, त्याखाली मॅटचा एकच थर, तोही जागोजाग पांढरा. रेझिन नीट प्यायलेलं मॅट पारदर्शक होतं, पांढरं दिसलं की ते कोरडं राहिलंय. त्याच्या मागे बोटभर जाड पुट्टी, ओली, नखाने निघणारी. आणि सगळ्यात आत आधाराला थर्माकोल. ह्याच्या भरवशावर मी तीन जीव घेऊन दर्यात गेलो होतो.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "त्याने काम केलं की नाही?" म्हटलं, केलं, पण हे असं. "मग फसवणूक कशी? काम खराब झालं, हा दिवाणी मामला." थर्माकोल टेबलावर ठेवला तर म्हणाले, हा कचरा बाहेर न्या. अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. पोच मागितली तर आवाज चढला. पुन्हा गेलो तर ते साहेब बंदोबस्ताला, नवीन साहेबांना अर्जच सापडेना. बँकेत गेलो, खातं कुणाचं ते सांगता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात गुन्हाच नाही तर पत्र कसलं. परवाना देणाऱ्या कार्यालयात गेलो, ते म्हणाले भरपाई मिळाली ना, दुरुस्ती कुणाकडून करायची हा तुमचा प्रश्न. होडीला रंग बरोबर नाही, नंबर पुसट झालाय म्हणून आम्हाला धक्क्यावर उभं करणारे हेच लोक. बूड फुटकं असलं तर कुणाला देणंघेणं नाही. तीन माणसं बुडून मेली असती तर हेच सगळे पंचनाम्याला रांगेत उभे राहिले असते. मच्छीमाराचा जीव गेल्यावर कागद हलतो, जीव वाचला तर त्याची तक्रार कुणाच्याच हद्दीत बसत नाही!

ग्राहक आयोगाच्या खिडकीवर ऐकवलं, होडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही. तिथून परत फिरू नका. स्वतः राबून पोट भरणाऱ्याचा स्वयंरोजगार आणि व्यापारी धंदा ह्यात २०१९ च्या कायद्याने फरक केलेला आहे, वकिलाला तो मुद्दा तक्रारीत लिहायला लावा. कामासाठी दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही. मुदत दोन वर्षांची, ती जाऊ देऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. माझी तक्रार दाखल झाली, पण नोटीस "ह्या पत्त्यावर राहत नाही" म्हणून परत आली. आगाऊ रक्कम देण्याआधी आधार कार्डाची प्रत घ्या आणि तो राहतो तिथे स्वतः जाऊन या. ज्याच्याशी बोलणं झालं त्याच्याच खात्यात पैसे टाका, भाऊ-मेहुणा काही नको.

होडी शेवटी नीट करून घेतली, १,४६,००० ला. ह्या वेळी प्रत्येक थराचा फोटो काढला, आणि हप्ते थरांप्रमाणे दिले: ग्राइंडिंग बघितल्यावर पहिला, अर्धे थर झाल्यावर दुसरा. जेलकोट मारायच्या आधी दुसऱ्या जाणत्याला बोलावून आतून-बाहेरून ठोकून घेतलं. एकदा रंग चढला की आतलं कुणाला दिसत नाही, आणि ह्या भामट्यांचा धंदा त्यावरच चालतो. मी समोर उभा राहिलो म्हणून चांगल्या कारागिराला राग आला नाही. ज्याला राग येतो त्याला तिथूनच परत पाठवा.

वकील म्हणतात, फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनच हेतू खोटा होता हे दाखवावं लागतं, आणि एकट्याच्या तक्रारीवर ते अवघड जातं. अशीच झाकणं आणखी तीन-चार होड्यांवर निघाली तर दिवाणी मामला म्हणून हाकलता येणार नाही. तेव्हा ज्यांच्याकडे तौक्तेनंतर असा मोटारसायकलवाला येऊन गेला असेल त्यांनी पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट पुसू नका, उखडलेला तुकडा फेकू नका, आणि मला कळवा. अर्ज एकत्र द्यायचा आहे, ह्या वेळी पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलायचं नाही.