आधी निदान, मग सुटे भाग : लॅमिंग्टन रोडवरील एक दुरुस्तीचे दुकान

गेली अकरा वर्षे मी लालबागच्या घरातून डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईसाठी पाने मांडण्याची, कामे करते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका अशी ही कामे असून ती सगळी एकाच संगणकावर होतात. यंदा गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात, स्मरणिकांची गर्दी ऐन भरात असताना, हा संगणक सुरू होईनासा झाला. बटण दाबले की पंखा फिरे, दोन-तीन सेकंदांत सगळे बंद पडे आणि पुन्हा आपोआप सुरू होई. स्क्रीन मात्र काळीच राही. पाच-सहा वेळा खटपट केल्यावर एखादे वेळी तो चालू होई, पण तेव्हा तारीख कित्येक वर्षे मागची दिसे आणि त्यामुळे बँकेचे संकेतस्थळ सुरक्षित नसल्याची सूचना येऊन ते उघडतच नसे.

घराजवळच्या एका दुरुस्तीवाल्यांना बोलावले. त्यांनी कॅबिनेटची बाजूची पत्री काढली, दोनदा बटण दाबून पाहिले आणि मदरबोर्ड (सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी) गेला असल्याचे सांगितले. साडेआठ हजार रुपये खर्च येईल आणि विंडोज नव्याने टाकण्यासाठी डिस्क फॉरमॅट करावी, म्हणजे पूर्ण पुसावी लागेल, असेही ते म्हणाले. एकही मोजमाप न करता दिलेला हा निर्णय मला पटला नाही, आणि फॉरमॅट हा शब्द ऐकून तर पोटात गोळाच आला. म्हणून दुसऱ्या दिवशी कॅबिनेट टॅक्सीत घालून मी लॅमिंग्टन रोडला गेले. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेकडून तेथे चालत जाता येते. हे दुकान एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आणि उभा असल्याने कॅबिनेट वर न्यायला सोबत कोणीतरी असलेले बरे.

दुकानातील काकांनी यंत्राला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. पंखा नेमका किती सेकंद फिरतो, बीप ऐकू येतो का, कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा लागतो का, रात्री भिंतीवरचे बटण बंद करता का. शेवटच्या प्रश्नाचे कारण मला नंतर कळले. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी असते आणि वीज पूर्ण तुटल्यावर घड्याळ तिच्यावरच चालते. आमच्याकडे रोज रात्री मुख्य बटण बंद होते, त्यामुळे बॅटरी उतरल्यावर तारीख दररोज मागे जात होती. मोजल्यावर ती २.४ व्होल्ट भरली. म्हणजे तारखेचा बिघाड आणि चालू न होण्याचा बिघाड हे दोन वेगळे आजार होते. दोन्हींचा दोष एकट्या मदरबोर्डच्या माथी मारणे सोपे होते, पण ते चूक ठरले असते.

त्यानंतरचा अर्धा तास मी स्टुलाशेजारी उभी राहून पाहत होते. रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, दोन्ही पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी दातांवरून साधे खोडरबर अलगद फिरवले गेले आणि त्या जागेतील धूळ ब्रशने साफ झाली. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत त्या दातांवर थर धरतो आणि पुष्कळदा संगणक एवढ्यानेच सुरू होतो, असे काका म्हणाले. माझा झाला नाही. मग हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, यूएसबीच्या सर्व तारा काढून फक्त प्रोसेसर आणि रॅमची एक पट्टी ठेवली, तरीही तेच. शेवटी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पिवळ्या तारेला लावला. तेथे १२ व्होल्ट अपेक्षित असतात आणि ५ टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्टपर्यंत. बटण दाबताच आकडा ११च्याही खाली घसरला. दुकानातला चांगला एसएमपीएस जोडल्यावर संगणक पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला.

“ताई, मदरबोर्ड तुमचा ठणठणीत आहे,” काका म्हणाले.

मला त्या क्षणी किती हायसे वाटले ते लिहून सांगता येणार नाही. त्यांनी जुना एसएमपीएस उघडून आतले कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे छोटे नळकांडीसारखे भाग, दाखवले. तिघांचे सपाट असायला हवे ते माथे फुगून वर आले होते आणि एकाच्या बुडाशी तपकिरी खपली धरली होती. उष्णतेने आणि वयाने त्यातील द्रव सुकतो. थंड असताना ते भार पेलत नाहीत, थोडे तापले की कसेबसे चालतात. पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला संगणक का सुरू होई, याचा उलगडा तेव्हा झाला. वायर काढल्यानंतरही त्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो, म्हणून घरी तो डबा कधीच उघडू नका, हे त्यांनी मला दोनदा बजावले.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम याच्या पुढचे आहे. वारंवार मध्येच बंद पडल्याने विंडोज दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावरच अडकत होती. कोणतीही दुरुस्ती चालवण्याआधी काकांनी डिस्कची प्रकृती तपासली; काही सेक्टर, म्हणजे मजकूर साठवण्याचे छोटे कप्पे, खराब झालेले दिसले. अशा डिस्कवर आधी दुरुस्ती चालवली तर ताण पडून उरलेला मजकूरही जाऊ शकतो, म्हणून त्यांनी प्रथम सगळ्याची नक्कल माझ्या बाहेरच्या ड्राइव्हवर घेतली. तेवढ्यात त्यांनी विचारले, “फाँटही घ्यायचे ना?” माझे जुने काम श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये आहे, सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या युनिकोडमध्ये नाही. तो फाँट नसेल तर फाइल शाबूत असूनही अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. हा प्रश्न विचारणारा दुरुस्तीवाला मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भेटला. त्यानंतर विंडोजमधलीच स्टार्टअप रिपेअर ही दुरुस्तीची सोय चालवून विंडोज पूर्ववत झाली; फॉरमॅटची गरजच पडली नाही.

तक्रारीही नोंदवणे भाग आहे. एका दिवसात देतो म्हणून सांगितलेला संगणक तिसऱ्या दिवशी मिळाला आणि मध्ये फोन उचलला गेला नाही. कामाची तारीख डोक्यावर असताना ही अनिश्चितता फार जाचते. बिल साध्या कागदाच्या चिठ्ठीवर मिळाले आणि एसएमपीएसची हमी खोक्यावर पेनाने लिहून दिली गेली. दुकान घरी माणूस पाठवत नाही आणि रविवारी बंद असते. तपासणी, एसएमपीएस, बॅटरी आणि मजकुराची नक्कल मिळून मला ३,४५० रुपये पडले. काढलेले जुने भाग न मागता परत दिले गेले, हे मुद्दाम सांगते.

संगणक गेला महिनाभर पहिल्या बटणाला सुरू होतो आहे आणि स्मरणिका वेळेत छापून गेल्या. खराब होत चाललेली डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवण्याचे काम दिवाळीनंतर याच दुकानात देणार आहे. त्या वेळी छापील बिल आणि परत मिळण्याचा दिवस मात्र आधीच लिहून घेईन.