ट्वायलाइट पुन्हा वाचलं आणि बॅटरीच्या केबलमध्ये अडकले

चार-पाच महिन्यांपूर्वी भाचीने ट्वायलाइट (बेला नावाची मुलगी एडवर्ड ह्या व्हॅम्पायरच्या प्रेमात पडते ती कादंबरी) मागितलं म्हणून कपाटातून काढलं तर तेरावं प्रकरण अख्खंच्या अख्खं हातात आलं. बाइंडिंग नेमकं तिथेच सुटलंय. सुटणारच म्हणा, कुरणातला सीन आहे तो, एडवर्ड उन्हात चमकतो तो, आणि कॉलेजात असताना हे पुस्तक हॉस्टेलच्या निदान सहा खोल्या फिरून आलंय, प्रत्येकीने तेच पान उघडं टाकून झोपायचं. लेखिका स्टेफनी मायरला २ जून २००३ ला स्वप्न पडलं तेही ह्याच सीनचं, बाकीचं सगळं तिने त्याच्याभोवती रचलं. तर डिंक लावला, वर दोन डिक्शनऱ्या ठेवल्या, नवीन कॉपी कशाला घ्यायची, आणि वाळेपर्यंत सहज उरलेलं चाळायला घेतलं. तेव्हापासून दोनदा वाचून झालंय. भाची अजून माझ्या नावाने ओरडतेय.

गोष्ट सांगत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. चमकण्यावरून लोक अजून हसतात, मला त्याचं काही वाटत नाही, व्हॅम्पायर राख होतो हे चालतं तर चमकला म्हणून काय बिघडलं. माझं डोकं फिरतं ते पानं वाया घालवण्यावरून. एडवर्ड सुंदर आहे हे पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये कळलं, तरी तो जबडा, ते डोळे, तो संगमरवर दर दोन पानांनी परत. पेन्सिलने मार्जिनमध्ये खुणा करायला लागले होते, सोडून दिलं. आणि १९०१ चा जन्म, १९१८ च्या फ्लूच्या साथीत शिकागोत मरता मरता कार्लाइल ह्या व्हॅम्पायर डॉक्टरने आपल्यासारखा करून वाचवलेला हा माणूस वर्गात बसून कांद्याच्या मुळाच्या स्लाइड्स ओळखतो आणि आम्ही इम्प्रेस व्हायचं! शंभर वर्षांत मलाही आल्या असत्या.

पण खरं सांगू का, ह्या वेळी मी वाचला तो चार्ली.

बेलाचा बाप. फोर्क्स ह्या छोट्या गावाचा पोलीस चीफ, अंडी-बेकनच्या पुढे स्वयंपाक येत नाही, बायको सोडून गेली तरी तिने रंगवलेली किचनची पिवळी कपाटं अठरा वर्षं तशीच. विसाव्या वर्षी वाचताना तो मला निव्वळ अडथळा वाटला होता, हा कधी मासे पकडायला जातो आणि कधी एडवर्ड येतो असं. आता तो व्हॅनचा ॲक्सिडेंट परत वाचा. एडवर्डने हाताने गाडी अडवली तेवढं सगळ्यांना आठवतं. त्याच्या जरा आधी बेला विचार करतेय की एवढ्या बर्फात आपला ट्रक घसरला कसा नाही, मागे जाऊन बघते तर टायरना साखळ्या. चार्लीने पहाटे कधीतरी उठून लावल्यात, एक शब्द न बोलता. तिचा गळा दाटून येतो आणि तेवढ्यात व्हॅन. म्हणजे ती तिथे उभी होती तीच मुळी बापाच्या साखळ्या बघत. हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

आणि मग ती बॅटरी. कुरणातून आल्या रात्री बेला लवकर झोपायला जाते, चार्लीला संशय येतो की ही पळून कुणाला भेटायला जाणार, म्हणून तो गुपचूप ट्रकच्या बॅटरीच्या केबल काढून ठेवतो. पोरगा वर खोलीत! वळचणीखाली ठेवलेल्या किल्लीने एडवर्ड आधीच घरात येऊन गेलाय, कित्येक रात्री, बेलाला झोपेत बघत बसलाय, तिला पत्ता नाही. आणि हा बिचारा खाली बॉनेट उघडून उभा. सकाळी मासे पकडायला जायच्या आधी केबल परत जोडून ठेवतो, वर एडवर्ड थट्टा करतो की एवढ्याने तू थांबली असतीस का. पहिल्या वेळी मी खदखदून हसले होते. आता मला एडवर्डचा इतका राग आला की पुस्तक मिटून दिवा बंद केला.

हे लिहायला बसले तेव्हा एक स्टार देणार होते. इथपर्यंत लिहून तो भाग परत काढून बघितला आणि जरा नरम पडले, कारण हे सगळं लेखिकेनेच तर लिहिलंय ना. साखळ्या तिच्या, केबल तिच्याच. बेला तिच्या जिवावर उठलेल्या जेम्स ह्या व्हॅम्पायरपासून पळताना बापाला मुद्दाम तेच शब्द ऐकवते जे तिची आई घर सोडताना बोलली होती, म्हणजे तो मागे येऊ नये, आणि तो दारात थिजतो. ज्या बाईला हे सुचतं तिला चमकणाऱ्या छातीवर इतकी शाई खर्च करायची काय गरज होती कोण जाणे. पहिली शंभर पानं, तो पाऊस, ३५७ पोरांच्या शाळेत ३५८ वी म्हणून जाणं, ते सगळं आजही पकडून ठेवतं. व्हॅम्पायरांचा बेसबॉल ठीक. शेवटची मारामारी मी दोन्ही वेळा उड्या मारत वाचली.

२०२० ला हीच गोष्ट एडवर्डच्या बाजूने आली, ह्याच्यापेक्षा कितीतरी जाड. चार्लीच्या बाजूने कोणी लिहिली तर मी पूर्ण किंमत देऊन घेईन, बहुतेक साठ पानांत संपेल आणि त्यातली तीस मासेमारीची असतील.

शेवटी गेल्या आठवड्यात भाचीला पुस्तक दिलं. डिंक टिकलाय. तिचा मेसेज आला, मावशी एडवर्ड कसला भारी आहे, पण तो बाबा बोअर आहे गं, त्याची पानं सोडली तर चालतील का. आणि दुसरा भाग पण हवाय म्हणे. त्यात बेलाच्या दुःखाचे महिने दाखवायला ऑक्टोबर ते जानेवारी नुसती नावं छापून पानं कोरी सोडलीत. त्याचेही पैसे मी भरलेत, तिला म्हटलं ती मात्र सोडायची नाहीत.